हद्दीबाहेरची घोडी

बँडवाल्यांनी दुसरं गाणं धरलं आणि घोडीनं मान मागं वळवून माझ्या नव्या विजारीचा गुडघा तोंडात धरला.

चावली नाही. नुसता धरून ठेवला. पुढं नाचणाऱ्या पोरांच्या हे गावीही नव्हतं. माझ्या मागं चालणाऱ्या बायका उन्हानं वैतागल्या होत्या. त्यांना लवकरात लवकर मांडवातलं सरबत हवं होतं. मला मात्र ते धरणं ओळखीचं वाटलं. दहाच दिवसांपूर्वी एका घोडीनं माझ्या शर्टाची बाही अशीच तोंडात धरली होती.

मी वाकून बघायला गेलो. माझ्या डोळ्यांपुढं मुंडावळ्या लोंबत होत्या आणि तिच्या तोंडावर आरशांची झालर होती. अंगावर गुडघ्यापर्यंत लाल मखमली झूल. सजवणाऱ्यांनी आम्हां दोघांनाही एकमेकांची तोंडं दिसू नयेत याची पुरेपूर व्यवस्था केली होती.

गोष्ट शहाऐंशी सालच्या वैशाखातली. लग्न माझंच. आमच्या भागात लग्न लागायच्या आधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला परण्या म्हणतात. परण्या सासुरवाडीच्या गावातून निघतो, घोडी सासऱ्यानं आणायची असते, आणि नवरदेवानं वर बसून फक्त गंभीर दिसायचं असतं. मी ते काम तोवर चोख करत होतो.

मी वडजाई नगरपरिषदेत परवाना निरीक्षक होतो. खानावळी, पिठाच्या गिरण्या, मटणाची दुकानं, लाकडाच्या वखारी यांचे परवाने माझ्याकडं. आणि भाड्यानं चालणारं प्रत्येक जनावरही माझ्याकडं. टांग्याचे घोडे, तेलाच्या घाण्याचे बैल, वरातीच्या घोड्या. वर्षातून एकदा, एप्रिलच्या शेवटी, ही सगळी जनावरं कचेरीमागच्या मैदानात हजर करायची. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर हळबे त्यांचे दात आणि खूर बघायचे, मी वहीत नोंद करायचो, आणि पास झालेल्या जनावराच्या गळ्यात पत्र्याचा नंबरी बिल्ला अडकवायचा.

त्या दिवशी मालक जनावरं नटवून आणत. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, अंगावर झूल. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं होतं, की जेवढी झूल भारी तेवढं खाली काहीतरी झाकलेलं असतं. म्हणून मी डॉक्टरांच्या आधी जाऊन झूल वर करायचो. त्यावरून गावानं माझं नाव झूलउचले ठेवलं होतं. मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेरचा शिपाईसुद्धा मी नसताना हेच नाव घ्यायचा. मला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता.

त्या वर्षी मी दस्तगीर नालबंदाच्या घोडीची झूल उचलली. दस्तगीरभाई पन्नाशीचे, जातीनं आणि धंद्यानं नालबंद. गावात रिक्षा आल्या, टांगे कमी झाले, नाल ठोकून घ्यायला घोडे उरले नाहीत. मग त्यांनी ही मैना पाळली आणि लग्नांत भाड्यानं द्यायला लागले. पांढरी, शांत, फटाक्यांना न बुजणारी. त्या दिवशी मैनाच्या पाठीवर, मानेच्या मुळाशी खोगीर टेकतं तिथं, तळहाताएवढी ओली जखम होती. मी कडेनं बोट दाबलं तेव्हा तिनं मान वळवून माझी बाही तोंडात धरली.

"चावत न्हाई साहेब ती," दस्तगीरभाई म्हणाले. "एवडंच सांगती, की हात काडा."

डॉक्टर हळब्यांनी सांगितलं, तीन महिने पाठीवर खोगीर नको. मी छापील नमुना भरला, बिल्ला काढून घेतला आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. त्यांना वाचता येत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"तीन महिने ती खानार काय, ते ह्यात न्हाई लिवलेलं," ते म्हणाले.

"ते आमच्या खात्यात येत नाही, दस्तगीरभाई."

"बरं," म्हणून त्यांनी झूल नीट केली आणि घोडी घेऊन गेले. मी पुढच्या बैलाकडं वळलो.

आता वडजाईपासून बावीस किलोमीटरवर टाकळवडीच्या भर रस्त्यात, बाशिंग बांधून, मी त्याच जखमेवर बसलो होतो.

खात्री करून घ्यायला मी जरा पुढं सरकलो. माझ्या मांडीखाली तिच्या अंगावर शहारा उठला आणि दात गुडघ्यावर किंचित घट्ट झाले. लगाम धरून पुढं चालणाऱ्या माणसानं बँडवाल्यांचा लाल कोट घातला होता, डोक्याला तुरा होता, आणि तो मागं वळून न बघता चालला होता.

"दस्तगीरभाई," मी हळूच हाक मारली.

तो माणूस थांबला. वळला. मी मुंडावळ्या बाजूला केल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"या अल्ला," ते म्हणाले. "साहेब, तुमचं लगीन?"

"तीन महिने खोगीर घालायचं नाही, असं लिहून दिलं होतं ना?"

"हद्दीत, साहेब."

"काय?"

"कागदावर लिवलंय तसं. नगरपरिषदेच्या हद्दीत जनावर कामास लावू नये. मी चार बारी वाचलंय. ही टाकळवडी हाय. जकात नाक्याच्या भायेर."

तो नमुना मी चार वर्षं भरत होतो. वर छापलेली ओळ मी कधी वाचलीच नव्हती.

"आणि इथवर कशी आणलीत?"

"चालत. काल दुपारनंतर निघालो, वाटंत मुक्काम केला. पैला हिकडं यायचं काम न्हवतं साहेब. गावातल्या गावात जायाची ती. तुमी बिल्ला काडला, मग हिकडची कामं धरली." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "हितं कुनाला बोलू नगा. ह्या गावातली पुढली पाच लग्नं धरल्यात मी. बँडवाला मला उभा करायचा न्हाई."

बावीस किलोमीटर. माझ्या सहीनं ती घोडी बावीस किलोमीटर चालली होती आणि वर आता मला घेऊन मारुतीला निघाली होती. घोडीवर बसून मला स्वतःची इतकी लाज याआधी वाटली नव्हती, आणि घोडीवर मी त्याआधी बसलोही नव्हतो.

मी उजवा पाय वर घेतला आणि खाली उतरलो.

बँड थांबला. आधी सनई, मग ताशा, आणि शेवटी ढोलवाल्याच्या लक्षात आलं तेव्हा ढोल. त्या शांततेत माझ्या मामांचा आवाज आला.

"रुसला! भाचा रुसला आमचा!"

हे मामा म्हणजे धोंडीमामा. वडील लवकर गेल्यानं माझं लग्न तेच काढत होते. बोलणी झाली तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं, देणंघेणं काही नको, मुलगी आणि नारळ. मामांना तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं. आता त्यांचा चेहरा एकदम उजळला. कारण परण्यातला नवरदेव मारुतीला पोचायच्या आत घोडीवरून उतरला, तर त्याचा अर्थ आमच्याकडं एकच होतो. तो रुसलाय. त्याला काहीतरी पाहिजे. आणि ते कबूल झाल्याखेरीज तो घोडीवर चढायचा नाही.

"मामा, रुसलो नाही मी. चक्कर आल्यासारखी वाटली."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. तू नगं बोलूस. तुझं तोंड नाजूक हाय, ते मला ठावं हाय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पावण्यास्नी बोलवा. मोटारसायकलचं काय ते हितंच ठरू द्या."

"कसली मोटारसायकल?"

"तुझीच की!"

पोरं हसली. एकानं शिट्टी मारली. कुणीतरी मांडवाकडं पळत गेलं. मी मामांना थांबवायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष दस्तगीरभाईंकडं गेलं. ते घोडीच्या मानेला टेकून उभे होते आणि त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी खरं सांगितलं, तर जखमी घोडी नवरदेवाखाली घातली म्हणून हीच पोरं त्यांना तिथंच बडवणार होती. गावाचा अपमान, बँडवाल्याचा अपमान, वर नवरीच्या बापाची फसवणूक. नाही सांगितलं, तर मी हुंडा मागणारा ठरत होतो. मी तोंड मिटलं. वाटलं, सासरे आले की त्यांना बाजूला घेऊन कानात सांगू.

सासरे आले. रावजी थोरात, गाव त्यांना तात्या म्हणायचं. बारीक, उंच, दूध संघाला दूध पोचवणारे. जुन्या मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून ते रोज सकाळी सहा वाड्या फिरायचे. बोलणी झाल्यापासून त्यांनी गावभर सांगितलं होतं, माझा जावई सरकारी नोकर, आणि एक दमडी मागितली नाही. ते धापा टाकत आले. मागं बायका, म्हातारे, अर्धा मांडव.

"जावईबापू," ते म्हणाले. "काय झालं?"

"तात्या, जरा इकडं येता का? एक मिनिट."

"हितंच बोला की चारचौघांत," मामा मध्ये पडले. "लपवायचं काय त्यात? पोराला मोटारसायकल पायजे. नोकरीचा मानूस हाय, किती दिस सायकल हाणायची त्यानं?"

"मामा, मी असं काही..."

"गप बस रे जयसिंग!"

तात्या माझ्याकडं बघत होते. रागावलेले नव्हते. हिशेब चुकलेला माणूस आपल्याच वहीकडं बघतो तसं बघत होते. "तुमी तर म्हनला हुता, मुलगी आन् नारळ," ते म्हणाले. "मी समद्यास्नी सांगितलं तसं."

"तेच म्हणतोय मी, तात्या."

"मग खाली का उतरलासा?"

दस्तगीरभाईंनी लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

तात्यांनी धोतराच्या ओच्यात हात घातला आणि एक किल्ली काढली. तिला दूध संघाचा पितळी नंबर अडकवलेला होता. "नवी न्हाई माझ्याच्यानं व्हायची," ते म्हणाले. "ही जुनी हाय. चालती चांगली. कॅनचं आकडे काडून देतो. घेऊन जावा." किल्ली त्यांनी माझ्यापुढं धरली.

मामांनी हात पुढं केला. मी मामांचा हात धरला आणि मागं घेतला. लोकांना वाटलं, नवरदेवाला जुनी गाडी पसंत नाही.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक जाडजूड बाई आली. नवरीची मावशी. तिनं कुणाकडं बघितलं नाही, थेट तात्यांसमोर उभी राहिली.

"भावजी, किल्ली ठेवा खिशात."

"तू घरात जा."

"मी माझ्या मनानं न्हाई आले. शालननं पाठीवलंय. ती म्हनती, गाडी देऊ नगा. पावण्यास्नी आल्या वाटंनं जाऊ द्या. हळद मी धुवून टाकीन म्हनती."

मारुतीच्या देवळावरचा कर्णा तेवढा खरखरत होता. मी शालनला एकदाच पाहिलं होतं, बघायच्या कार्यक्रमात, आणि तिनं मान वर केली नव्हती. नाव विचारलं तेव्हा इतक्या हळू सांगितलं होतं, की मामांनी पुन्हा विचारलं होतं. ती एवढं बोलू शकते, हे तिच्या बापालाही नवं असावं. तात्यांच्या हातात किल्ली तशीच होती. त्यांचं तोंड उतरलं होतं, पण मान ताठ झाली होती.

मला भीती वाटली. दस्तगीरभाईंची पाच लग्नं एकीकडं, माझं एक लग्न एकीकडं, आणि ते आता मोडत होतं. तिच्यावर माझं प्रेमबीम अजून नव्हतं. पण ही मुलगी हातची गेली तर मी जन्मभर हळहळेन, हे मला त्या निरोपानंतर लख्ख कळलं. तरी दहा दिवसांपूर्वी मी ज्यांचा घास काढून घेतला होता, त्यांचाच दुसऱ्यांदा कसा काढायचा, हेच डोक्यात घोळत होतं.

"पावणं रुसल्यालं न्हाईत," दस्तगीरभाई म्हणाले.

सगळे तिकडं वळले. लाल कोटातल्या घोडेवाल्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"ते रुसून उतरलं न्हाईत. माझी घोडी दुखती म्हनून उतरल्यात. मी सांगू नगा म्हनलं, म्हनून गप हाईत मघापासनं. माझ्या पोटापायी गप हाईत." बोलता बोलताच त्यांनी पोटपट्टा सोडला, खोगीर काढून जमिनीवर ठेवलं, आणि झूल एका झटक्यात ओढून घेतली. "हे बगा."

खाली मऊ जुनेराची घडी होती. जखमेपुरतं मधे गोल भोक पाडून ती नीट शिवलेली होती, म्हणजे वजन कडेला पडावं. हळद आणि तेल लावलेलं होतं. पण भोक पुरेसं नव्हतं. जखम ओली झाली होती आणि कडेनं एक लाल धार खाली आली होती.

बायका "अगं बाई" म्हणाल्या. एका पोरानं पुढं होऊन दस्तगीरभाईंच्या कोटाची कॉलर धरली. मी मधे गेलो.

"हात काढ," मी म्हणालो. "माझ्या गावचे आहेत ते."

आणि मग तात्या हसायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. ते घोडीजवळ गेले, जखम बघितली, पुन्हा बघितली, आणि ओरडले, "घोडी! आरं, घोडी दुखावल्या! पावण्यास्नी काय नगं, घोडीला लागलंय नुस्तं!" त्यांनी मावशीला हातानं ढकललंच. "जा, पळ, शालनला सांग, घोडीला जखम हाय! चांगली वंजळभर हाय म्हनावं!"

एखाद्या मुक्या जिवाला जखम झाल्याचा इतका आनंद झालेलं गाव मी पुन्हा पाहिलं नाही. ज्यानं कॉलर धरली होती, तोच दस्तगीरभाईंची पाठ थोपटायला लागला. बँडवाल्यानं काही न समजताच ताशाला खूण केली. घोडी तेवढी कान पाडून उभी होती. झूल निघाल्यामुळं तिला वारा लागत असावा.

"पन तात्या," मामा अजून हरले नव्हते, "नवरदेव खाली उतरलाय. रुसवा काडल्याबिगर तो पुढं कसा जाईल? रीत हाय ही."

"बराबर हाय," तात्या म्हणाले. त्यांना आता काहीही बरोबर वाटलं असतं. "मागा, जावईबापू. रीत ती रीत. मागा काय मागायचं ते."

मामांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. मी इकडंतिकडं बघितलं. रस्त्याच्या पलीकडं थोरातांचंच खळं होतं आणि तिथं कडब्याची उंच गंज रचलेली होती.

"एक गाडी कडबा," मी म्हणालो. "आणि पोतंभर हरभरा."

"काय?"

"वडजाईत, नालबंद गल्लीत, दस्तगीरभाईंच्या दारात पोचवायचा. हाच माझा रुसवा."

मामांनी कपाळावर हात मारला. पुढं ते वारेपर्यंत, कुणाच्याही लग्नात गेले की सांगायचे, आमच्या भाच्यानं भर रस्त्यात रुसून कडबा मागितला. मी चालतच मारुतीला गेलो, चालतच मांडवात आलो. उघड्या पाठीची घोडी सगळ्यांच्या शेवटी, दस्तगीरभाईंच्या मागोमाग आली. अंतरपाट दूर झाला तेव्हा शालननं मान वर करून माझ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं, आणि मग माळ घातली.

रजा संपवून मी कामावर गेलो ते थेट मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये. दोन पानी टिपण लिहून नेलं होतं. छापील नमुन्यातला 'हद्दीत' शब्द काढावा, आणि कामावरून बंद केलेल्या जनावराला विश्रांतीच्या काळात कोंडवाड्यातला चारा द्यावा.

त्यांनी ते वाचलं. माणूस वाईट नव्हता. "शेवाळे, हद्दीबाहेर आपला कायदा कसा जाईल?"

"मग चारा तरी, साहेब."

"चारा कोंडवाड्यातल्या मोकाट जनावरांसाठी मंजूर आहे. ही घोडी मोकाट आहे का?"

"नाही."

"मग?" त्यांनी कोपऱ्यात 'तरतूद नाही, दप्तरी दाखल' असं लिहून सही केली. अक्षर फार सुंदर होतं त्यांचं.

जुलैच्या अखेरीस तीन महिने भरले. दस्तगीरभाई मैनाला घेऊन मैदानात आले. या वेळी अंगावर झूल नव्हती. जखम आक्रसली होती, पण मधे अजून रुपयाएवढी जागा ओली होती. पावसाळ्यात जखमा भरायला वेळ लागतो. डॉक्टर हळब्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. आणखी दोन महिने. त्याच छापील नमुन्यावर, त्याच शाईनं.

दस्तगीरभाईंनी कागद वाचला नाही. घडी करून खिशात ठेवला. "कडबा गेल्या अवसेला सपला, साहेब," ते म्हणाले. मागत नव्हते. एक माहिती म्हणून सांगितली, आणि गेले.

रात्री जेवताना मी हे शालनला सांगितलं. सांगण्यामागं काही हेतू नव्हता. दिवसभरातलं सगळंच मी तिला सांगायचो.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय. जखम ओली असताना बिल्ला देता येत नाही."

"ते बरोबरच आहे. पण ती खाणार काय?"

"तरतूद नाही. आणि लग्न काय माणसाचं एकदाच होतं. पुन्हा पुन्हा कुठून रुसू?"

तिनं मला भाकरी वाढली.

नागपंचमीला ती माहेरी गेली, पहिल्या वर्षीच्या रीतीप्रमाणं. आठ दिवसांनी परत आली. दरम्यान नालबंद गल्लीत थोरातांची बैलगाडी येऊन गेल्याचं मला शिपायानं सांगितलं. वर ताडपत्री टाकलेली, खाली कडबा, आणि हरभऱ्याची दोन पोती. मी चकितच झालो. भर पावसाळ्यात तात्यांनी आपल्या दुभत्या जनावरांच्या तोंडचा कडबा काढून पाठवला, तो कशासाठी, ते मला कळेना. शालनला विचारलं, तर म्हणाली, "बाबांना आठवण झाली असेल." मी तेवढ्यावर विश्वास ठेवला.

दसऱ्याच्या आधी मैनाची जखम भरली. तिथं पांढऱ्याहून पांढरे केस आले होते. मी हात फिरवला, दाबून बघितलं, तिनं माझी बाही धरली नाही. बिल्ला मी स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात अडकवला. दस्तगीरभाईंनी तिच्यानंतर दुसरी घोडी घेतली नाही, पण मैनानं पुढं सात वर्षं वडजाईतले नवरदेव वाहिले.

त्या दुसऱ्या गाडीचं खरं मला कळलं ते दिवाळसणाला. जेवणं झाल्यावर तात्या सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "जावईबापू, तुमी एकडाव रुसलासा तवा निदान चालत मारुतीला तरी गेलासा. आमची लेक रुसली, तर दोन दिस अन्नाला शिवली न्हाई. तिची आई रडायला लागली. शेवटी गाडी जुपली तवा उठून भाकरी खाल्ली."

शालन दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं.

"तू उपाशी राहिलीस? आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला काय बोलायचं? तुमच्या खात्यात येत नव्हतं ते." तिनं माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. "आणि रुसायला घोडीवरच बसावं लागतं, असं थोडंच आहे?"